नवस कोणी फेडायचा? : वेचलेल्या देवांविषयी

आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. ‘इक्लेक्टिक पेगनिझम’ हे शब्द आपल्या कानांना परके आहेत. पण ज्या गोष्टीला हे नाव दिलं जातं ती तितकी परकी नाही. एखाद्या माणसाला जन्माने मिळालेला धर्म पटेनासा होतो, पण देवधर्म अजिबातच नको असंही त्याला वाटत नाही. मग तो थोडं इथून, थोडं तिथून वेचतो आणि स्वतःपुरती एक वाट तयार करतो. पौर्णिमेच्या रात्रीचा एखादा विधी, एखादी जुनी ग्रीक देवी, उत्तर युरोपातल्या रूनाक्षरांचं भविष्य, थोडी वनौषधींची माहिती, थोडं ध्यान. ‘इक्लेक्टिक’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थच वेचणे, निवडणे असा आहे. तेव्हा आपण याला आज ‘वेचक पेगनिझम’ म्हणू.

ही वाट मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतली. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात ‘पेगन’ लिहिलं, आणि आणखी सुमारे १३ हजारांनी ‘विक्का’. आकडा लहान आहे. पण धर्म वारशाने घ्यायचा की निवडून घ्यायचा, हा प्रश्न त्या रकान्यापुरता नाही. आज हे व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात तो या ना त्या रूपात आलेला असणार.

आम्ही आज या वाटेवर टीका करणार आहोत. टीका म्हणजे निंदा, असा अर्थ अलीकडे रूढ झाला. पण आपल्याकडे ज्ञानेश्वरीलाही गीतेवरची टीकाच म्हणतात. समजून घेऊन, उलगडून, मग बोलायचं असतं. आम्ही तोच प्रयत्न करू.

आधी शब्दाकडे बघू. लॅटिनमध्ये ‘पागुस’ म्हणजे खेड्यापाड्यांचा मुलूख आणि ‘पागानुस’ म्हणजे तिथला माणूस. पुढे ख्रिस्ती लोकांनी हा शब्द आपल्या धर्मात न आलेल्यांना लावला. म्हणजे हे नाव शेकडो वर्षं दुसऱ्याने ठेवलेलं नाव होतं. असं नाव लागलं की काय होतं, हे गोव्याला चांगलं माहीत आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या कागदांत तिथले हिंदू ‘जेंतियो’ होते. आणि त्या शब्दाची किंमत म्हणून शांतादुर्गेला केळशी सोडून कवळ्याला जावं लागलं. चेटकिणीचंही तसंच. इंग्लंडमध्ये आज एखादी बाई अभिमानाने ‘मी विच आहे’ म्हणते. आपल्याकडे नंदुरबारच्या पाड्यांवर एखाद्या बाईला ‘डाकीण’ म्हटलं गेलं तर तिच्या जिवावर बेततं. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. एकच नाव कोणी हौसेने घेतं आणि कोणी त्याची किंमत मोजतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे आपण त्याच्याकडेच येणार आहोत.

आता इतिहास, अगदी थोडक्यात. जेराल्ड गार्डनर नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. त्यांची उमेदीची वर्षं सिलोनच्या चहामळ्यांत, बोर्निओत आणि मलायात गेली. मलायात ते जकात खात्यात होते आणि तिथल्या ‘क्रिस’ या खंजिरावर त्यांनी १९३६ मध्ये पुस्तकही लिहिलं. निवृत्त होऊन ते मायदेशी परतले. न्यू फॉरेस्ट भागातल्या एका गुप्त मंडळाने १९३९ मध्ये आपल्याला दीक्षा दिली, असं ते पुढे सांगत. चेटूकविषयक १७३५ चा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनर यांचं ‘विचक्राफ्ट टुडे’ प्रसिद्ध झालं. त्यातला दावा मोठा होता : ख्रिस्ती धर्माच्या आधीचा एक धर्म युरोपात लपूनछपून टिकला आहे, आणि चेटकिणी म्हणून ज्यांना मारण्यात आलं ते त्याच धर्माचे लोक होते. ही कल्पना मूळची मार्गारेट मरे यांची. त्या इजिप्तविद्येच्या अभ्यासक होत्या. १९२१ मध्ये त्यांनी ती एका ग्रंथात मांडली होती आणि गार्डनर यांच्या पुस्तकाला प्रस्तावनाही त्यांचीच आहे.

हा दावा इतिहासकारांपुढे टिकला नाही. चेटकिणींच्या खटल्यांचे कागद नीट तपासल्यावर तसा कुठलाही संघटित धर्म सापडला नाही. गार्डनर यांचे विधी कुठून आले तेही हळूहळू उलगडलं : काही भाग फ्रीमेसन मंडळींच्या दीक्षाविधींतून, काही जुन्या मंत्रतंत्राच्या पोथ्यांतून, काही अ‍ॅलिस्टर क्रोली यांच्या लेखनातून. गंमत म्हणजे हे पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत खुद्द त्यांच्या मंडळातल्या डोरीन व्हॅलिएंते होत्या. क्रोलींची वाक्यं त्यांनी ओळखली, गार्डनरना तसं तोंडावर सांगितलं आणि मग बराचसा मजकूर स्वतः नव्याने लिहून काढला. पुढे ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ या ग्रंथात हा सगळा जन्मवृत्तान्त सविस्तर मांडला. हा आधुनिक काळात, आधुनिक इंग्लंडमध्ये जन्मलेला धर्म आहे, असा त्यांचा निष्कर्ष.

यावर पेगन लोकांनी काय केलं? काही चिडले. पण अनेकांनी ते मान्य केलं. ‘ठीक आहे, आमचा धर्म नवा आहे, नवा म्हणून खोटा ठरत नाही,’ अशी भूमिका त्यांनी घेतली. आम्हाला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपला इतिहास आपण समजतो तितका जुना नाही असं कोणी पुराव्यानिशी दाखवलं, आणि ऐकणाऱ्यांनी पुस्तक जाळण्याऐवजी वाचलं, असं किती समाजांबाबत म्हणता येईल? संशोधनाची पुस्तकं बघून माथी भडकल्याचं आपण महाराष्ट्रात अनुभवलेलं आहे. तेव्हा ‘हा धर्म जुना नाही’ हा पहिला आक्षेप आम्ही बाजूला ठेवतो. कुठलाही धर्म कधीतरी नवा होताच.

आता ज्या पुस्तकाने ही वाट खऱ्या अर्थाने एकेकट्या माणसाची केली त्याकडे वळू. गार्डनर यांच्या पद्धतीत मंडळ लागायचं, आधी दीक्षा घेतलेल्या माणसाकडून दीक्षा घ्यावी लागायची, तीन पायऱ्या चढाव्या लागायच्या. स्कॉट कनिंगहॅम या अमेरिकन लेखकाने १९८८ मध्ये एकट्याने विक्का आचरणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक लिहिलं. त्याचे भाग तीन : आधी विचार, मग आचार, आणि शेवटी विधींची एक आख्खी पोथी. कनिंगहॅम यांचं म्हणणं साधं आहे. गुरू नसेल तरी चालेल, मंडळ नसेल तरी चालेल, दीक्षा स्वतःची स्वतः घेता येते. सांगितलेली वस्तू मिळाली नाही तर दुसरी वापरा. दिलेला विधी तुम्हाला जुळत नसेल तर बदला.

हे पुस्तक वाचताना त्याचं बळ लगेच कळतं. त्यात दरारा नाही. स्वयंपाक शिकवणारी मावशी जशी ‘कोथिंबीर नसेल तर राहू दे’ म्हणते तसा त्याचा सूर आहे. छोट्या गावात, कर्मठ घरात, कोणाला सांगायची सोय नसलेल्या मुलीच्या हातात हे पुस्तक पडल्यावर तिला काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. कनिंगहॅम अवघ्या ३६ व्या वर्षी, १९९३ मध्ये गेले. पुस्तक मागे राहिलं, आणि त्याच्या वाटेने पुढे असंख्य पुस्तकं आली.

पण त्या मोकळेपणातच एक जागा रिकामी आहे. संपूर्ण पुस्तकात ‘तुझं इथे चुकतंय’ असं म्हणू शकेल असा दुसरा माणूस कुठेच नाही. काय जुळतं ते मी ठरवणार, काय गाळायचं ते मी ठरवणार, आणि जुळलं की नाही हेही मीच सांगणार. परीक्षार्थी, पेपर काढणारा आणि तपासनीस एकच. अशा परीक्षेत नापास कोण होणार?

इथे एक शंका येईल. ‘हे लोक खरोखर यावर विश्वास तरी ठेवतात का?’ टॅनिया लुरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी त्याचं छान उत्तर दिलं आहे. आपल्यापैकी काहींना त्या मुंबईच्या पारशांवरच्या पुस्तकामुळे माहीत असतील. त्याआधी त्या लंडनमधल्या चेटूक-मंडळांत राहून आल्या आणि १९८९ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचं निरीक्षण असं की सुशिक्षित, नोकरदार माणसं आधी विश्वास ठेवून मग विधी करत नाहीत. आधी करू लागतात. करता करता जगाकडे बघायची नजर सावकाश सरकत जाते. आपल्याला यात नवल वाटू नये. वारीला पहिल्यांदा जाणारे सगळेच काही आधी अभंगांचा अर्थ पटवून घेऊन निघत नाहीत. तेव्हा आचाराला बळ आहे, हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच तो आचार कुठून आणला, हा प्रश्न गंभीर होतो.

दुसरा नेहमीचा आक्षेप : ‘ही भेळ आहे. यात शुद्ध काहीच नाही.’ हा आक्षेप आम्हाला पहिल्यापेक्षाही कच्चा वाटतो. शुद्धतेचा आग्रह धरणारे पेगनही आहेत. जुन्या नॉर्स देवांची उपासना करणाऱ्यांत एक गट म्हणतो, हे देव उत्तर युरोपच्या रक्ताचे. बाकीच्यांनी लांब राहावं. याची परिणती सरळ वंशवादात होते. २०१६ मध्ये त्याच देवांना मानणाऱ्या अनेक संघटनांनी एकत्र येऊन अशा गटाशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. त्या निवेदनाला त्यांनी त्यांच्याच जुन्या ‘हावामाल’ या काव्यातल्या श्लोकाचा क्रमांक दिला, १२७. दुष्टपणा दिसला तर गप्प बसू नये, असा त्या श्लोकाचा आशय आहे. शुद्ध आणि भेसळ यांत निवड करायची तर आम्ही भेसळीच्या बाजूने उभे राहू.

आणि आपण महाराष्ट्रातल्या माणसांनी तर भेसळीला नाकं मुरडूच नयेत. रा. चिं. ढेरे यांच्या १९८४ च्या ग्रंथाचं नावच ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’. गवळी-धनगरांचा देव वैष्णवांचा कसा झाला, शैव-जैन-बौद्धांनी त्याच्यावर कसा हक्क सांगितला, हे त्यांनी त्यात दाखवलं. म्हणजे ज्याला आपण महाराष्ट्राचं आराध्यदैवत म्हणतो तोही अनेक ठिकाणांहून येऊनच विटेवर उभा राहिला.

मग विठ्ठलाचा समन्वय आणि कनिंगहॅम यांच्या वाचकाने आपल्या खोलीत केलेला समन्वय, यांत फरक काय? एक फरक काळाचा, तो उघड आहे. दुसरा फरक माणसांचा. विठ्ठलाच्या बाबतीत देणारे आणि घेणारे एकाच मुलखात, एकमेकांच्या डोळ्यांसमोर होते. धनगर होते, बडवे होते, वारकरी होते. भांडणं झाली, हक्क सांगितले गेले, काहींना दाराबाहेर ठेवलं गेलं आणि ते दार उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावं लागलं. हा समन्वय गोड नव्हता. पण घेतलेल्याचा जाब विचारणारा माणूस तिथे हजर होता. खोलीतल्या समन्वयात तो नाही. ज्याचं घेतलं तो हजारो मैलांवर असतो आणि त्याला पत्ताही नसतो.

आपल्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे : नवस. नवस बोलायचा आणि नवस फेडायचा. बोलणं फुकट असतं, फेडणं महाग. आपल्या घरातल्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी दत्त असतो, साईबाबा असतात; वांद्र्याच्या मोतमावलीला मेणबत्ती लावायला हिंदूही जातात. वेचण्याची सवय आपल्यालाही आहे. पण जिथे जिथे गेलो तिथलं काहीतरी देणं लागतो, ही जाणीव त्याबरोबर असते. जेजुरीला जायचं राहिलं तर आजी दहा वर्षांनीही आठवण करून देते.

आता इथे थांबून ‘बघा, आपलंच बरं’ असं म्हणून घरी जाणं सोपं आहे. ते बरोबर नाही. नवस फेडण्याची आपली पद्धत नेहमी निर्मळ होती का? खंडोबाला मूल होण्याचा नवस बोलायचा आणि ती मुलगीच देवाला वाहायची, तिची मुरळी करायची, असंही आपणच केलं. बोलली आई किंवा बोलला बाप, आणि फेडला त्या पोरीने, अख्खा जन्म. आजही कुळाचार घराण्याचा म्हणतात, आणि उपास, सोवळं, पुरणपोळ्या मात्र सुनेकडे. तेव्हा नुसतं ‘देणं असणं’ म्हणजे पवित्र, असं आम्ही म्हणत नाही. वारशाने आलेल्या या ओझ्यातून कोणी बाहेर पडून स्वतःची वाट निवडत असेल तर ते समजण्यासारखं आहे. आमची कसोटी याहून थोडी बारीक आहे : ज्याने नवस बोलला त्यानेच तो फेडावा. या एका कसोटीवर आपण वेचक पेगनिझमला तीन ठिकाणी तपासू.

पहिलं ठिकाण, जमीन. निसर्गपूजा हा या वाटेचा गाभा मानला जातो. तिचं ‘वर्षचक्र’ आठ सणांचं : दोन अयनं, दोन विषुवं आणि त्यांच्या मधले चार सण. हा आठांचा संचही विसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये जुळवला गेला. ‘मेबन’सारखी काही नावं तर १९७० च्या दशकात अमेरिकेत एडन केली यांनी दिली. हरकत नाही. पण हे चक्र ऑस्ट्रेलियात गेलं तेव्हा खरी अडचण आली. पुस्तकात २१ डिसेंबरला सर्वांत मोठी रात्र. तिथे त्या दिवशी ऐन उन्हाळा. तिथल्या बऱ्याच पेगन लोकांनी मग पुस्तक बाजूला ठेवून चक्र सहा महिन्यांनी फिरवलं. आम्हाला हा या धर्माच्या इतिहासातला एक सुंदर क्षण वाटतो. पायाखालच्या मातीने सांगितलं आणि यांनी ऐकलं.

आता हेच चक्र कोणी कोकणात आणलं तर? २१ डिसेंबरला सूर्य परत यावा म्हणून तिकडे ओंडका जाळतात. आपल्याकडे त्या सुमारास हवा सुखाची असते, आंब्याला मोहोर धरू लागलेला असतो, सूर्याची उणीव कोणालाच नसते. आपल्याकडे काळजी सूर्य परत येईल का याची नसते. पाऊस येईल का याची असते. आपलं वर्ष मृगावर फिरतं, नारळी पौर्णिमेला समुद्रावर जातं, पोळ्याला बैलापाशी थांबतं. निसर्गाची पूजा करायची आणि आपल्या दारचा निसर्ग सोडून पुस्तकातल्या निसर्गाची करायची, तर तिला निसर्गपूजा का म्हणावं?

दुसरं ठिकाण, ज्यांच्याकडून घेतलं ती माणसं. पांढरा सेज नावाचं एक झुडूप आहे. ते दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या टापूत वाढतं आणि तिथल्या आदिवासींसाठी पवित्र आहे. त्याच्या वाळलेल्या जुड्या जाळून घर ‘शुद्ध’ करायची टूम निघाली आणि त्या जुड्या जगभर विकल्या जाऊ लागल्या. परिणाम असा झाला की राखीव जमिनींवरूनही ते झुडूप चोरून ओरबाडून नेलं जाऊ लागलं. जुडी जाळणाऱ्याची खोली शुद्ध झाली. नवस फेडला त्या डोंगराने. यात एक जुना घावही आहे. अमेरिकेतल्या आदिवासींचे विधी सरकारने अनेक दशकं दडपले. त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हायला १९७८ साल उजाडलं. ज्यांना स्वतःचा विधी करायची बंदी होती त्यांचेच विधी बाकीच्यांनी शिबिरं भरवून पैसे घेऊन शिकवावेत, याचा संताप म्हणून १९९३ मध्ये लाकोटा लोकांनी आपल्या अध्यात्माच्या अशा वापराविरुद्ध जाहीर निवेदन काढलं, आणि त्याला थेट ‘युद्धाची घोषणा’ असं नाव दिलं.

आपल्या कालीमातेचंही तिकडे असंच काहीसं झालं. रेचल फेल मॅकडरमॉट या अभ्यासक बाईंनी पाश्चात्त्य कालीवर लिहिलं आहे. तिकडच्या स्त्रियांच्या देवी-चळवळीत काली ही दबलेल्या रागाची, मुक्त स्त्रीशक्तीची खूण झाली. बंगालमध्ये रामप्रसादांपासून ती आई आहे. तिच्यावर रुसता येतं, तिच्याशी भांडता येतं. आम्ही तिकडच्या बायकांना ‘आमची देवी परत द्या’ म्हणणार नाही. देवी कोणाच्या मालकीची नसते. आणि अत्याचार सोसलेल्या एखाद्या बाईला कालीमुळे ताठ उभं राहता आलं असेल तर त्यात आम्हाला आनंदच आहे. आम्ही एवढंच म्हणू की तिचं नाव घेतलं तर तिला आई म्हणणाऱ्यांची भाषा, त्यांची गाणी, त्यांचे वाद यांची थोडी तरी ओळख करून घ्यावी. तेवढं देणं लागतंच.

तिसरं ठिकाण, सोबत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ च्या पुस्तकात एक तरुण नर्स भेटते. पुस्तकात तिचं नाव शीला असं बदलून दिलं आहे. तिने आपल्या धर्माला स्वतःचंच नाव दिलं होतं, ‘शीलाइझम’. चर्चला ती कित्येक वर्षं गेलेली नव्हती. आपल्या आतला बारीक आवाज हाच तिचा धर्म. अनेकांनी शीलेची टर उडवली. आम्हाला ते आवडत नाही. आजारी माणसांची सेवा करणारी ही बाई, एकमेकांना सांभाळावं एवढं तिला कळत होतं. पण प्रश्न असा की शीलाइझममध्ये शीला आजारी पडली तर भेटायला कोण येणार?

याचं उत्तर पेगन लोकांच्याच एका लढ्यात आहे. २००५ मध्ये अफगाणिस्तानात पॅट्रिक स्टुअर्ट हा अमेरिकन सार्जंट मारला गेला. तो विक्का मानणारा होता. सरकारी स्मृतिफलकावर सैनिकाच्या धर्माचं चिन्ह कोरता येतं. पण मान्य चिन्हांच्या यादीत विक्काची पंचकोनी चांदणी नव्हती. त्यासाठीचे अर्ज आधीची कित्येक वर्षं नुसते पडून होते. त्याच्या पत्नीने माघार घेतली नाही. विस्कॉन्सिनमधलं ‘सर्कल सँक्चुअरी’ हे पेगन मंडळ आणि इतर काही जण तिच्या बाजूने उभे राहिले, दावा लावला, आणि २००७ मध्ये ते चिन्ह मान्य झालं. आम्ही या घटनेचा बराच विचार केला आहे. देव एकट्याने निवडता येतो, व्रत एकट्याने करता येतं, दीक्षाही स्वतःची स्वतः घेता येते. पण स्वतःचा अंत्यविधी स्वतः करता येत नाही. तिथे दुसरा माणूस लागतोच. आणि तो माणूस ऐन वेळी आभाळातून पडत नाही. आधी आपण कोणाच्या तरी दारात उभे राहिलेलो असावे लागतो.

हे कळलेले लोक या वाटेवर आहेत, हे सांगितल्याशिवाय टीका पुरी होणार नाही. ३१ ऑक्टोबर १९७९ या एकाच दिवशी अमेरिकेत दोन पुस्तकं निघाली. एक पत्रकार मार्गो अ‍ॅडलर यांचं ‘ड्रॉइंग डाउन द मून’. त्यात त्यांनी ठिकठिकाणच्या पेगन लोकांना भेटून त्यांचं म्हणणं मांडलं. दुसरं स्टारहॉक यांचं ‘द स्पायरल डान्स’. स्टारहॉक यांनी मरे यांचा इतिहास तेव्हा खरा धरला होता, ते आज टिकत नाही. पण पृथ्वी ही देवी असेल तर काय करायचं, याचं त्यांचं उत्तर टिकलं. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डायब्लो कॅनियन अणुऊर्जा प्रकल्पाला वेढा पडला तेव्हा त्या आणि त्यांचे साथी त्यात होते. अटक झाली ती सोसली. तुम्हाला त्यांचं अणुऊर्जेविषयीचं मत पटो न पटो, देवीला बोललेला नवस त्यांनी स्वतःच्या अंगावर घेऊन फेडला. २०१८ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या एका साखळी दुकानात टॅरो पत्ते, सेजची जुडी आणि अत्तरं असलेली ‘नवशिक्या चेटकिणीची पेटी’ येणार असं जाहीर झालं, तेव्हा सर्वांत आधी ओरड केली ती चेटकिणींनीच, आणि ती पेटी बाजारात आलीच नाही. आपल्याच लोकांना ‘इथे चुकतंय’ म्हणणारा आवाज तयार होतोय, याची ही खूण.

तेव्हा समारोप करताना, या वाटेने जाऊ पाहणाऱ्या कोणालाही, मग तो ब्रिस्टलचा असो की बोरिवलीचा, आम्ही परत फिरायला सांगणार नाही. जुनं नाही म्हणून हिणवणार नाही, शुद्ध नाही म्हणून तर नाहीच नाही. आम्ही तीन प्रश्न हातात देऊ. तुझ्या पूजेतला पाऊस तुझ्या गावचा आहे का? ज्यांच्याकडून घेतलंस त्यांची नावं तुला सांगता येतात का, आणि त्यांच्या अडचणीत तू कुठे असतोस? आणि तुझं चुकलं तर ते तुला तोंडावर सांगेल असं कोण आहे?

हे तीन प्रश्न वारशाने धर्म मिळालेल्या आपल्यालाही लागू आहेत. आज घरी गेल्यावर आपल्या देव्हाऱ्याकडे बघताना एवढं जरूर तपासा, की आपल्या घराण्याने बोललेले नवस आजवर कोण फेडत आलं आहे. उत्तर बहुधा स्वयंपाकघरातून येईल.

आता प्रश्न घेऊ.